मागचे चाक आणि चहाचा वाडगा

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे, आणि या क्षणी मला मागचे चाक नाही.

आपली कहाणी जन्मापासून सांगावी, अशी पद्धत आहे. मला ती ठाऊक आहे. पण ज्याचा एक पाय काढून त्याला दगडावर टेकवून ठेवले आहे, त्याला जन्म आठवत नाही. त्याला पाय आठवतो. चाक धरणारा माझा मागचा चिमटा एका सपाट दगडावर आहे. चेन जमिनीवर लोळते आहे आणि तिच्यात शेळ्यांच्या लेंड्या अडकल्या आहेत. समोर गोम्बो मांडी ठोकून बसला आहे आणि माझा झिजलेला टायर सुरीने कापतो आहे. त्याला त्या रबराचा विहिरीसाठी पोहरा करायचा आहे.

दोन खांबांमध्ये घोडे बांधायचा दोर ताणलेला आहे, त्याच्याजवळच मी उभी असते. आत्ता त्या दोराला ओचिरचा घोडा बांधलेला आहे. घोड्याच्या तोंडाला फेस आहे. छातीवरचा घाम वाऱ्याने वाळून मिठासारखा पांढरा झाला आहे. चारही पाय थरथरत आहेत.

मित्रांनो, नुसता चहा प्यायला येणारा माणूस घोडा असा पळवून आणत नाही. मी यंत्र असून मला हे कळते. गोम्बोने जन्मभर शर्यतीचे घोडे तयार केले. पण त्याची पाठ घोड्याकडे आहे, कारण त्याला टायर कापायचा आहे!

झाले ते असे. ओचिर म्हणजे गोम्बोच्या धाकट्या बहिणीचा, न्यामाचा नवरा. तो मघाशी येऊन उतरला, तेव्हा गेरच्या, म्हणजे आमच्या लोकरी नमद्याच्या गोल तंबूघराच्या, दारातून गोम्बोच्या आईने, दुलमाने, नेहमीप्रमाणे विचारले,

"या जावईबापू! सगळं खुशाल ना?"

"खुशाल, आई."

"जनावरं धडधाकट? हिवाळा नीट सरला?"

"छान सरला."

"न्यामा कशी आहे?"

"छान आहे."

"मग झालं तर!" गोम्बो बाहेरून म्हणाला. "म्हणजे आज काही घाई नाही. तू चहा घे बाबा, मी तेवढ्यात गाडीचा टायर बदलून टाकतो."

आमच्याकडे दारात वाईट बातमी देत नाहीत. दारात सगळे छानच असते. बातमीला चहानंतर तोंड फुटते, तेही तपकिरीची कुपी एकमेकांच्या हातात फिरून आल्यावर. एरवी मला ही रीत आवडते. आज मला हॉर्न वाजवून ओरडावेसे वाटते आहे, पण हॉर्नचे बटण दाबायला माणूस लागतो.

आणि जिने ही बातमी ऐकायला हवी, ती घरात नाही. गोम्बोची बायको खांदारमा या भागाची डॉक्टरीण आहे. ती टेकडीपलीकडच्या एका म्हाताऱ्याला सुई द्यायला पायी गेली आहे. ती परत येईपर्यंत मी माझा जन्म सांगून घेते. दुसरे मी करू तरी काय?

*

तर मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे आम्हाला दोन्हीकडे चालणारी गाडी म्हणत. दोन्हीकडे म्हणजे डांबरावर आणि माळावर. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटला. दोन्हीकडे चालणारी म्हणजे दोन्हीकडे थोडी थोडी कमी पडणारी, हे मला नंतर कळले. जे कमी पडते ते टायरने भरून काढायचे असते.

माझे जन्माचे टायर मधल्या जातीचे होते. त्यांना जमीन धरायला रबराची बटणे होती, पण बुटकी. मधोमध रबराची एक सलग पट्टी होती. कडक रस्त्यावर ती पट्टी काम करायची आणि भुसभुशीत जमिनीत कडेची बटणे. कोणी त्यांचे कौतुक केले नाही. ज्यांच्यामुळे काही बिघडत नाही त्यांच्याकडे कोण बघतो?

आरोग्य केंद्राने मला खांदारमाच्या हाती दिले, त्या दिवशी दुलमाने माझ्या हँडलला खादाग, म्हणजे मानाचा निळा रेशमी पट्टा, बांधला. मग तिने लाकडी पळीने माझ्या दोन्ही चाकांवर दूध शिंपडले. "तुझी वाट दुधासारखी होवो," ती म्हणाली. तेव्हापासून खांदारमा कामावर निघाली की दुलमा दूध शिंपडते. शिंपडताना ती वर आकाशाकडे बघते. माझ्या चाकांकडे तिने कधीच पाहिले नाही.

ती वर्षे चांगली होती. माझा आवाज ऐकला की दूरच्या गेरमधल्या बायका चुलीवर पातेले चढवत. मी तापाची औषधे नेली, मोडलेल्या पायांना बांधायच्या फळ्या नेल्या. मी नेलेल्या डॉक्टरणीच्या हातांवर किती बाळे जन्मली! त्यांतली काही आता घोड्यावर बसून माझ्याशी शर्यत लावतात.

पण टायर झिजत होते. टायर झिजतो तेव्हा ओरडत नाही. रोज थोडा थोडा जातो, आणि एक दिवस माणसे म्हणतात, "अरे, हा तर पार गोटा झाला!" जणू रात्रीतून कोणी येऊन तासून गेले.

(आत पहिला वाडगा संपला. "घे अजून," दुलमा म्हणते आहे. "हे तळलेले बोरसोग पण खा. किती हडकलास! माझी पोरगी तुला जेवायला घालते की नाही?" ओचिर म्हणतो, "घालते, आई." अरे ओचिर, बोल ना!)

*

पुन्हा सुरुवात करते. मी एक जुनी मोटारसायकल आहे, आणि माझ्या पायात काय घालायचे हे मी सोडून सगळ्यांनी ठरवले.

नवे टायर निवडायला गोम्बो मला जाम्यानच्या दुकानात घेऊन गेला. जाम्यानचे दुकान म्हणजे एक लोखंडी डबा. त्यात पीठ, बूट, मेणबत्त्या आणि टायर एकत्र राहतात. गोम्बोने एकेक टायर उभा केला, त्याच्याभोवती फिरला, त्याला थोपटले, हुंगले.

"गोम्बोदादा, टायर आहे तो," जाम्यान म्हणाला. "त्याचे दात काय मोजताय?"

"टापा बघतोय. जनावर टापांवर धावतं."

"मग पायाला कुंपणाची तार गुंडाळा की. तीही रुतते."

"तू पीठ वीक. टायरमधलं तुला काय कळतं?"

त्याने सगळ्यांत मोठ्या बटणांचे टायर घेतले. चिखलात, वाळूत, कच्च्या बर्फात ते खरोखर घोड्यासारखे चालले. गोम्बो भेटेल त्याला सांगत सुटला. पण त्याच वर्षी खाणीकडे जाणारा डांबरी रस्ता आमच्या वाटेच्या अर्ध्यावर येऊन पोहोचला. डांबरावर ती बटणे नुसती थडथडत. त्या थडथडीने खांदारमाचे हात बधिर होऊन जात. ती रोग्याच्या घरी पोहोचायची, नाडीवर बोटे ठेवायची, आणि तिला काहीच लागायचे नाही. मग ती हात काखेत दाबून बसे आणि बोटांत जीव येण्याची वाट पाही. घरच्यांना वाटे, डॉक्टरीणबाई विचार करत आहेत.

घरी येऊन तिने हे सांगितले तर गोम्बो म्हणाला, "सवय होईल."

सवय झाली नाही. बटणे मात्र डांबराने खाऊन टाकली. मग पाळी आली जाम्यानची. "आता रस्ता झालाय, वहिनी. रस्त्याचा टायर घाला. लोण्यासारखी पळेल." त्याने माझ्या मागच्या चाकाला अरुंद, जवळजवळ गुळगुळीत टायर बसवला. नक्षी म्हणून त्यावर बारीक नागमोडी रेघा होत्या. मी खरेच लोण्यासारखी पळू लागले. खांदारमा माझ्यावर बसून गाणी म्हणू लागली. सगळे जाम्यानची वाहवा करू लागले. मित्रांनो, दोन्ही वेळा मला कोणी विचारले नाही. आणि खरे सांगायचे तर खांदारमालाही कोणी विचारले नाही. गाडी ती चालवते. टायरवर बोलायचे मात्र बाकीच्यांनी.

पुढचा वसंत आला. आमचा वसंत म्हणजे सकाळी बर्फ, दुपारी चिखल आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू. न्यामाचे ते पहिले बाळंतपण होते. आधी गावातल्या दवाखान्यात येऊन राहायचे असते, पण शेळ्या व्यायच्या दिवसांत घर सोडून कोण येणार? निरोप आला आणि खांदारमा निघाली. निघताना ती म्हणाली, "अरे, मागच्या चाकाची हवा जरा सोडा कोणीतरी. डांबरापुढे सगळा चिखल आहे." गोम्बो आणि जाम्यान त्या वेळी याच दारात उभे होते. कोणत्या देशाचे रबर चांगले, यावर त्यांचे भांडण जुंपले होते. दोघांनीही ऐकले नाही. तिला घाई होती, ती तशीच निघाली. दुलमाने आकाशाकडे बघत दूध शिंपडले.

डांबर संपले. नदीकाठच्या चिखलात माझे मागचे चाक गर्रकन फिरले. दगडासारखी टणक हवा आणि त्यावर गुळगुळीत रबर. मी आडवी झाले. माझ्या खाली खांदारमाच्या गळ्याजवळचे हाड मोडले. ती चिखलात पडून होती. एक उंटवाला आला आणि त्याने तिला उचलले. तिला तो परत आमच्याच गेरमध्ये घेऊन आला.

न्यामाचे बाळ राहिले नाही.

त्यावर कोणी कोणाला दोष दिला नाही. आमच्याकडे असे उघड बोलत नाहीत. गोम्बोने फक्त तो गुळगुळीत टायर उपटून काढला आणि शेळ्यांच्या गोठ्याच्या पत्र्यावर भिरकावला. तो तिथेच आहे. वादळात पत्रा उडू नये म्हणून त्याचा उपयोग होतो. त्याच्या जागी पुन्हा बटणाचा टायर आला. तेव्हापासून गोम्बो माझ्याशेजारी बसतो, उठतो, टायरांवर भांडतो, झोपेतही बटणांविषयी बडबडतो. काल तो पुन्हा जाम्यानकडे जाऊन आणखी मोठ्या बटणांचा एक कोरा टायर घेऊन आला. तो गेरला टेकून उभा आहे. त्याच्या बटणांच्या फटींत शेळीची एकेक लेंडी आरामात मावेल.

न्यामाला पुन्हा दिवस गेले आहेत. दिवस भरत आले आहेत. हेही सगळ्यांना माहीत आहे.

आणि तिचा नवरा आत बसून तपकिरीची कुपी हुंगतो आहे.

*

"हा घोडा कोणी असा दमवला?"

खांदारमा! टेकडी उतरून येताना तिने सगळ्यांत आधी घोडा पाहिला. औषधांची पिशवी खाली टाकून ती पळतच दोराशी आली. तिने घोड्याच्या छातीवर हात ठेवला आणि तशीच गेरमध्ये शिरली.

"ओचिर! न्यामाला काय झालंय?"

"अगं, त्याला दुसरा वाडगा तरी—" दुलमा म्हणाली.

"आई, थांबा. ओचिर?"

ओचिरच्या हातातून कुपी पडली. "सकाळी पाणी गेलं, वहिनी. दुखतंय, पण... पुढे काहीच होत नाहीये. ती म्हणाली, वहिनीला आण. म्हणाली, या वेळी वहिनीला आणच."

"आणि तू इथे बोरसोग खातोयस!"

"आल्या आल्या कसं सांगू? आई समोर होत्या."

खांदारमा बाहेर आली. पिशवी खांद्याला लावली आणि माझ्याकडे वळली. मग तिला दिसले.

"माझ्या गाडीचं चाक कुठंय?"

गोम्बो उठून उभा राहिला. त्याच्या हातात सुरी होती. पायाशी रिकामी रिम होती, आणि तिच्याशेजारी माझ्या टायरचा अर्धा पोहरा.

"तो म्हणाला सगळं छान आहे..." गोम्बोने ओचिरकडे बोट दाखवले.

"तुम्ही घोडा पाहिला नाहीत?"

गोम्बोने घोडा पाहिला. आत्ता पाहिला. त्याचे तोंड उतरले. शर्यतीचे घोडे ओळखणाऱ्या माणसाला एवढा मोठा फेस दिसला नव्हता. मला वाटले, तो आता रडेल. पण तो खाली बसला आणि कोरा टायर रिमवर चढवू लागला. ओचिरने टायर चढवायच्या लोखंडी पट्ट्या धरल्या. दोघांनी दात-ओठ खाऊन तो बसवला, हवा भरली, चाक माझ्या चिमट्यात घातले.

खांदारमाने मला जेमतेम हातभर पुढे ढकलले आणि मी किंचाळले. टायर माझ्या चिमट्याच्या मानाने फार रुंद होता. एका बाजूची बटणे चेनला घासत होती. आणखी दोन वळसे, की चेन तुटली असती.

"जाम्यान म्हणाला छान आहे!" गोम्बो ओरडला. "मी विचारलं त्याला, टायर छान ना? तो म्हणाला छान!"

दुलमा दारात उभी होती. "त्याच्याकडे चहा घेतलास?"

"वेळ कुठे होता? टायर उचलला आणि निघालो."

"मग त्यानं सांगायचं कधी, पोरा?"

मित्रांनो, दुसरा दिवस असता तर मी पोट धरून हसले असते. काल या घरातल्या एकाने चहा घेतला नाही म्हणून, आणि आज एकाने चहा संपवला नाही म्हणून, माझी डॉक्टरीण माळावर अडकली होती. शेजाऱ्यांची जीप शहरात गेली होती. आमचे घोडे हिवाळ्याने खंगून दूरच्या कुरणात होते. ओचिरचा घोडा आणखी एक टेकडी चढला असता तर तिथेच मरून पडला असता. खिंडीपलीकडे फोन लागत नाही.

खांदारमाने इकडे तिकडे पाहिले. तिची नजर गोठ्याच्या पत्र्यावर गेली.

"तो काढा."

"तो नाही," गोम्बो म्हणाला.

"तो काढा म्हणते ना!"

"मी त्या टायरला पुन्हा हात लावणार नाही. त्यानंच—"

"हाड माझं मोडलं होतं की तुमचं?" खांदारमाचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "इतकी वर्षं तुम्ही सगळे टायर निवडताय! टापा, लोणी, या देशाचं रबर, त्या देशाचं रबर! मला विचारलंत कधी? मी बसते ना तिच्यावर? तो टायर अरुंद आहे. चेनला लागणार नाही. डांबरावर पळेल. आणि चिखलाचं माझं मी बघेन. काढा!"

गोम्बो गोठ्यावर चढला.

तो टायर उन्हाने भेगाळला होता. पण रबराच्या आतला दोरा उघडा पडला नव्हता, कड शाबूत होती. त्यांनी तो चढवला. खांदारमाने स्वतः हवा भरली, चांगली टणक, डांबरासाठी. मग ती घोडे बांधायच्या दोराकडे वळली.

"मला हा दोर हवा."

घोड्याच्या केसांचा तो दोर गोम्बोने स्वतः वळला होता. केस त्याच्या जिंकलेल्या घोड्यांचे होते. पाहुणे आले की तो आधी दोर दाखवी, मग बायको. त्याने एकदा खांदारमाकडे पाहिले. मग काही न विचारता खांबाच्या गाठी सोडल्या आणि दोर तिच्या हातात दिला. ओचिरचा घोडा मोकळा झाला, पण पळून जायची ताकद त्याच्यात कुठे होती?

ओचिर दोर आणि पिशवी घेऊन मागे बसला. दुलमा दुधाची पळी घेऊन आली. तिने दूध शिंपडले. आणि या वेळी तिचे आकाशाकडे लक्ष नव्हते. ती माझ्या मागच्या चाकाकडे बघत होती, त्या टायरकडे, जणू तो घरात आलेला कोणी नको असलेला पाहुणा होता.

*

डांबरावर मी पळाले. मला मान्य करावे लागेल, तो गुळगुळीत टायर डांबरावर अजूनही गात होता. खांदारमाच्या हातांना थरथर लागली नाही. ती वाऱ्यासमोर वाकून बसली होती, आणि ओचिर मागून म्हणत होता, "वहिनी, चुकलो. वहिनी, चुकलो." शेवटी ती म्हणाली, "गप्प बस आणि वजन पुढे टाक!"

डांबर संपले तिथे तिने मला थांबवले. समोर नदीकाठ. तोच चिखल. बर्फ वितळून तो मागच्या वेळेपेक्षा रुंद झाला होता. मला तिथे जायचे नव्हते, पण माझे कोण ऐकतो?

खांदारमा उतरली. तिने मागच्या चाकाची हवा सोडली. फुस्स करून किती तरी वेळ सोडली. अंगठ्याने दाबून पाहिले, आणखी सोडली. टायर बसका झाला आणि जमिनीला पसरून टेकला. मग ती आणि ओचिर चिखलात गुडघे टेकून बसले. त्यांनी घोड्याच्या केसांचा दोर आऱ्यांमधून ओवला, टायरभोवती फिरवला, पुन्हा ओवला, पुन्हा फिरवला, आणि गाठी आवळल्या. माझ्या गुळगुळीत पायाला काळेपांढरे खरबरीत वळसे पडले. अरुंद टायर होता म्हणून चिमट्यात तेवढी जागा उरली होती. मोठ्या बटणाचा असता तर एक सुतळीही मावली नसती.

"चालेल?" ओचिरने विचारले.

खांदारमाने माझ्या टाकीवर हात ठेवला. "चालशील ना?" ती मला म्हणाली.

मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी मला विचारले. आणि मला उत्तर देता येत नव्हते! मी चालून दाखवले.

मी हळू चालले. उंटासारखी. दोर चिखलात रुतला, केस चिखलाला चिकटले, चाक एकदा गर्रकन फिरले आणि धरले. जिथे मी आडवी पडले होते ती जागा मला ओळखू आली. खांदारमालाही आली असणार, कारण तिचा डावा खांदा आखडला. आम्ही ती ओलांडली. नदीत बर्फाच्या पापुद्र्यावर चाक सरकले, दोराने पुन्हा धरले. पलीकडच्या चढावर एक वळसा तुटला आणि चिमट्यावर फटफट आपटू लागला. ओचिर उतरला, दातांनी गाठ सोडली, नवी बांधली. खिंडीतल्या देवाच्या दगडराशीला रिवाजाप्रमाणे प्रदक्षिणा घालायला वेळ नव्हता. खांदारमाने तिथून जाताना माझा हॉर्न वाजवला. देवाला तेवढे चालते. मीही त्या हॉर्नमध्ये सकाळपासूनचे सगळे ओरडणे ओरडून घेतले.

सूर्य कलला होता तेव्हा ओचिरचे गेर दिसले.

"कुत्रा धरा!" खांदारमा लांबूनच ओरडली. शेजारची म्हातारी कुत्र्याला धरून बसली. ती तोंड भरून म्हणाली, "या, या, प्रवास छान झाला ना?"

"नाही," खांदारमा म्हणाली आणि सरळ आत गेली.

मी दाराशी उभी होते. नमद्याच्या भिंतीतून सगळे ऐकू येते.

"न्यामा. कशी आहेस?"

आधी पिशवीचा बंद सुटल्याचा आवाज आला. मग न्यामा म्हणाली, "बरी नाहीये, वहिनी. अजिबात बरी नाहीये."

"शाब्बास," खांदारमा म्हणाली. "आता सांग, कुठे दुखतंय."

कोणी चहा ओतला नाही. चूल फक्त पाणी उकळायला पेटली. ओचिर बाहेर येऊन माझ्या सीटला टेकला. दोराच्या तुटक्या केसांशी तो चाळा करत बसला. गोठ्यात नव्याने जन्मलेली करडे बें बें करत होती. मोठ्यांदा बोलणे, हळू बोलणे, पुन्हा मोठ्यांदा. मग खांदारमाचा एकच शब्द, "आता!" आणि मग एक रडणे ऐकू आले, ते करडाचे नव्हते.

ओचिर उठला नाही. तो खाली बसला आणि माझ्या चिखलाने भरलेल्या मागच्या चाकाला कपाळ टेकून राहिला.

*

पुन्हा, आणि शेवटचे. मी एक जुनी मोटारसायकल आहे.

तुम्हाला वाटेल, यानंतर सगळे शहाणे झाले. नाही. जाम्यानने रुंद टायर परत घेताना म्हटले, "मी सांगणारच होतो, चहा होऊ दे म्हटलं." गोम्बो त्याच्यावर अजून खेकसतो. नवे टायर घ्यायला दोघे जमले की तेच भांडण, तेच रबर, तेच देश. मला संताप येतो. फरक एवढाच की आता गोम्बो शेवटी मान वळवून विचारतो, "खांदारमा, तुझं काय म्हणणं?" त्यामुळे मला आता पुन्हा मधल्या जातीचे टायर आहेत. बुटकी बटणे, मध्ये पट्टी. कोणी त्यांचे कौतुक करत नाही. गोम्बोने नवा दोर वळायला घेतला आहे. जुन्याचे उरलेले तुकडे खांदारमाने माझ्या सीटखाली ठेवले आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी गाडी असेल, सायकल असेल, नाहीतर रोज कामावर जाणारे एखादे माणूस असेल. ते झिजताना ओरडणार नाही. दारात विचारलेत तर ते छान म्हणेल. निघण्याआधी एकदा खाली वाका, हात लावून बघा. विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मी याहून जास्त काही मागत नाही.

काल न्यामा आणि ओचिर लेकीला घेऊन आले होते.

"सगळं खुशाल ना?" दुलमाने दारात विचारले.

"नाही, आई," ओचिर म्हणाला. "हिला दात येतायत. आम्ही दोघं झोपलो नाही. आणि माझ्या घोड्याचा पुढचा पाय सुजलाय."

दुलमाने नातीला उचलून घेतले. मग म्हणाली, "बरं, बरं. आधी चहा तर घे, मेल्या."

आज सकाळी खांदारमा कामावर निघाली. दुलमा पळी घेऊन आली. तिची कंबर आता वाकत नाही, तरी ती माझ्या मागच्या चाकापाशी बसली आणि तिने दूध ओतले. शिंपडले नाही, ओतले. दूध बटणांच्या मधल्या खाचांतून ओघळत खाली गेले, बारीक, पांढरे, एकेका खाचेतून. एका ठिकाणी मात्र ते ओघळले नाही. तिथे खाच उरली नव्हती. ते सपाट पसरले आणि कडेने टपकले.

तिने तिथे अंगठा फिरवला. नंतर त्याच जागी पुन्हा फिरवला.

"गोम्बो," तिने हाक मारली, "इथे दूध वाहत नाहीये. हिला बघ."